कच्च्या केळीचं पीठ

कच्ची केळी सोलायच्या आधी हाताला तेल चोपडावं लागतं. नाहीतर चीक बोटांना असा धरतो की दोन दिवस साबण लावला तरी काळे डाग हलत नाहीत, आणि कपड्यावर पडला तर तो कपडा गेलाच. रावेर तालुक्यात वाढलेल्या माणसाला हे सांगावं लागत नाही. पण पुण्यात, पन्नाशी जवळ आल्यावर, मी हे काम पुन्हा हाती घेतलं ते पोटाच्या सोनोग्राफीमुळे.

2022 च्या नोव्हेंबरात ऑफिसच्या वार्षिक तपासणीत रिपोर्ट आला: ग्रेड टू फॅटी लिव्हर, आणि लिव्हरच्या रक्ततपासणीतला एसजीपीटीचा आकडा 88. तपासणाऱ्या डॉक्टरांनी मान वर न करताच विचारलं, "दारू घेता?" मी आयुष्यात दारूला शिवलेली नाही. रागही आला आणि पोटात गोळाही आला, कारण माझे सख्खे काका लिव्हर सिरॉसिसने गेले होते आणि तेही पक्के निर्व्यसनी, माळकरी. त्यांच्या माघारी गावात कुजबुज झाली, 'लपून पीत असतील.' काकूंनी ते बोलणं शेवटपर्यंत सहन केलं. दारू न पिणाऱ्याच्याही लिव्हरमध्ये चरबी साठते आणि वर्षानुवर्षं साठत राहिली तर लिव्हर कडक होत जातं, हे तेव्हा आम्हाला कुणी सांगितलं असतं तर किती बरं झालं असतं.

पहिले तीन महिने मी वाया घालवले. ओळखीतल्या एकीने 'लिव्हर साफ करणारं' एक सिरप दिलं, ते मी नेमाने घेतलं. एसजीपीटी 94 झाला. मग मात्र पोटविकारतज्ज्ञांकडे गेले. त्यांनी आधी माझं जेवण विचारलं. सकाळी चहा-बिस्किटं, डब्यात पोळी आणि बटाट्याची भाजी, चारला वडा नाहीतर सँडविच, रात्री गरम भात-आमटी. ज्वारी घरातून कधी गेली हेही आठवेना. पोट साफ होत नाही म्हणून रोज रात्री रेचक चूर्ण चालू होतं, ते मला आजार वाटतच नव्हतं.

डॉक्टरांनी प्रिस्क्रिप्शनच्या मागे आतडं काढलं, लिव्हर काढलं आणि दोघांना जोडणारी एक जाड रेघ मारली. "ही पोर्टल व्हेन. लिव्हरला मिळणाऱ्या रक्तातलं जवळपास तीन चतुर्थांश रक्त इथून येतं. म्हणजे तुमच्या आतड्यात जे काही चालतं, त्याची पहिली झळ लिव्हरला बसते." मोठ्या आतड्यातले जिवाणू अन्नातल्या तंतूंवर जगतात, तंतू आंबवून ते ब्युटिरेटसारखी आम्लं तयार करतात, आणि आतड्याच्या अस्तराच्या पेशी मुख्यतः त्या ब्युटिरेटवर चालतात. जिवाणूंना तंतू मिळाले नाहीत तर ते अस्तरावरचा चिकट थरच खायला लागतात, हे उंदरांवरच्या प्रयोगांत दिसलेलं आहे. अस्तर कमजोर झालं की नको ते पदार्थ त्या जाड रेघेतून लिव्हरकडे जातात. माझं रोजचं चूर्ण आणि माझं लिव्हर यांचा एकमेकांशी संबंध असेल, हे मला त्या दिवशी पहिल्यांदा कळलं.

मग त्यांनी रेझिस्टंट स्टार्च हा शब्द सांगितला. लहान आतड्यात न पचता मोठ्या आतड्यापर्यंत पोचणारं पिष्ट. डाळी-कडधान्यांत असतं, शिजवून गार केलेल्या भातात आणि बटाट्यात थोडं तयार होतं, आणि कच्च्या केळीत भरपूर असतं. केळ पिकलं की त्याची साखर होते.

संध्याकाळी आईला फोन केला. ती म्हणाली, "तू तं भाकरच सोडली होती. आता डॉक्टरनं सांगितल्यावर खाशील." आठ दिवसांत तिने दोन डबे पाठवले. एकात कळण्याचं पीठ: चार वाट्या ज्वारीला एक वाटी काळे उडीद, सालासकट, आणि मीठ घालून दळलेलं. त्या भाकरीला करडा रंग येतो, कडा जराशा फाटतात, आणि चावताना उडदाच्या सालीचे कण दाताखाली लागतात. गरम असताना ठेच्याबरोबर छान लागतेच, पण मला ती दुसऱ्या दिवशी ताकात कुस्करून, वर कच्चा कांदा घालून जास्त आवडते. लहानपणी शेतात जाताना आजी तेच खायची. शहरात आल्यावर मला त्या जेवणाची लाज वाटायची, हे लिहिताना आज वाईट वाटतं.

दुसऱ्या डब्यात केळीचं पीठ. पुढे ते मी स्वतः करू लागले. चकत्या मिठाच्या पाण्यात टाकायच्या, गच्चीवर जुन्या सुती साडीवर तीन कडक उन्हं द्यायची, काडकन मोडायला लागल्या की मिक्सरला लावायच्या. शिजवलं तर त्यातलं बरंचसं पिष्ट पचण्याजोगं होतं, म्हणून मी ते तसंच ताकात ढवळून घेते. जिभेला खडूसारखं लागतं, पण सवय होते.

चूक एकच झाली, पण मोठी. पहिल्याच दिवशी तीन चमचे पीठ, दोन भाकऱ्या आणि वाटीभर चवळी. रात्रभर पोट ढोलासारखं फुगलं, झोप नाही. डॉक्टरांनी एका चमच्यापासून सुरुवात करायला लावली, दर दोन आठवड्यांनी वाढवायला, आणि पाणी भरपूर. जिवाणूंनाही सवय व्हावी लागते. भाताबद्दलही त्यांनी बजावलं: गार करायचा म्हणून रात्रभर ओट्यावर ठेवू नका. अशा भातात वाढणाऱ्या बॅसिलस सिरियसचं विष पुन्हा गरम केल्यानेही जात नाही. आमचा भात आता तासाभरात पसरट डब्यातून फ्रिजमध्ये जातो.

चौदा महिन्यांनी एसजीपीटी 38 आला. फायब्रोस्कॅनमधला चरबीचा आकडा 311 वरून 252 वर उतरला. चूर्ण चौथ्याच महिन्यात सुटलं होतं. पण सगळं श्रेय केळीच्या पिठाला देणं खोटं होईल. मी रोज चाळीस मिनिटं चालले, बिस्किटं आणि वडा सोडला, वजन 79 वरून 73 वर आलं, आणि वजन उतरलं की लिव्हरमधली चरबी उतरतेच. तरी 2023 मध्ये शांघायच्या संशोधकांनी फॅटी लिव्हर असलेल्या 200 जणांवर चार महिने केलेला अभ्यास माझ्या मनात पक्का बसला आहे. ज्यांना रोज 40 ग्रॅम मक्याचं रेझिस्टंट स्टार्च दिलं, त्यांच्या लिव्हरमधली चरबी कमी झाली, आणि वजनातली घट हिशेबातून वजा केली तरी फरक उरला.

तुमच्या रिपोर्टवर 'फॅटी लिव्हर' हे दोन शब्द असतील तर तो कागद फाईलमध्ये दडवू नका. सिरपच्या नादी लागू नका, पोटविकारतज्ज्ञांकडे जा, आणि घरात कुणी निर्व्यसनी माणूस लिव्हरच्या आजाराने गेला असेल तर त्याच्याबद्दलची कुजबुज आता तरी थांबवा. मी काकूंना भेटून हे सगळं सांगितलं. त्या बराच वेळ रडल्या.