जाइब, जिब आणि शेजारचे शब्द

शिडाच्या बोटींविषयीचं इंग्रजी लेखन मराठीत आणायचं काम मी बरीच वर्षं करते आहे. प्रशिक्षणाच्या पुस्तिका, शर्यतींचे नियम, क्वचित एखाद्या दर्यावर्दीचं आत्मकथन. यात सगळ्यांत जास्त वेळ कोणता शब्द खातो असं कुणी विचारलं, तर लोकांना वाटतं की मी एखाद्या दोरखंडाचं अवघड नाव सांगणार. पण तो मान 'जाइब'चा.

ब्रिटिश लेखक हा शब्द बोटीच्या संदर्भात जी, वाय, बी, ई असा लिहितात. शर्यतींच्या आंतरराष्ट्रीय नियमावलीतही हेच स्पेलिंग आहे. चूक केलेल्या बोटीला स्वतःभोवती फेरी मारायची जी शिक्षा असते, त्या फेरीत एक टॅक आणि एक जाइब, म्हणजे शीड पालटण्याचे दोन्ही प्रकार, असायला हवेत, असं नियमच सांगतो. इथवर काम सोपं आहे. 'वाय' दिसला की खुशाल समजावं, पाण्यावरचा शब्द आहे.

अमेरिकी लेखक मात्र जे, आय, बी, ई लिहितो. याच अक्षरांत तो 'जुळणे, मेळ बसणे' हेही लिहितो. टोमणा मारण्यासाठीचा शब्द खरं तर जी, आय, बी, ई. पण तोही 'जे'ने लिहायची मुभा कोशांनी देऊन ठेवली आहे. म्हणजे अमेरिकी खलाशाच्या आठवणी भाषांतराला घेतल्या की एकाच स्पेलिंगमधून तीन गोष्टी निघू शकतात: बोटीने शीड पालटलं, कप्तानाचं सांगणं नोंदवहीशी जुळलं, किंवा कुणीतरी कुणाला टोचून बोललं. संगणकावरचा शुद्धलेखन तपासनीस तिन्हींना मान डोलावतो.

देवनागरीत तर तिन्ही एकच. इंग्रजी संपादक निदान स्पेलिंग बदलून हात झटकू शकतो. मला आधी अर्थ ठरवावा लागतो, मगच लेखणी पुढे सरकते. शब्दाकडे टक लावून काही हाती लागत नाही, त्याच्या शेजाऱ्यांकडे बघावं लागतं. पुढे 'विथ' असेल तर जुळणं. 'ॲट' असेल तर बहुधा टोमणा. दोन्ही नसून पुढे खूण म्हणून टाकलेला पिंप, बोटीची डावी-उजवी बाजू किंवा प्रत्यक्ष शीडच आलं असेल, तर वारा आला असं धरायचं. अलीकडे 'जाइब विथ'च्या जागी 'जाइव्ह विथ' असं लिहिलेलंही सर्रास दिसतं. जाइव्ह म्हणजे नाच किंवा फसवं बोलणं, त्याचा मेळ बसण्याशी काही संबंध नाही. मराठी कानाला ब आणि व यांतला फरक शिकवावा लागत नाही, त्यामुळे या सापळ्यात आपण सहसा सापडत नाही.

खरा घोळ 'जिब'चा. जिब म्हणजे बोटीच्या पुढचं छोटं तिकोनी शीड. पण हेच क्रियापद म्हणून वापरलं, तर अडलेल्या घोड्यासारखं पाय रोवून नाही म्हणणं. आणि त्याच्याही पुढे 'ॲट' येतो! भूतकाळात याला दोन बी लागतात, टोमण्याला एक. छपाईत एक बी गळला की नकार देणारा खलाशी टोमणा मारू लागतो, आणि दोन्ही वाक्यं आपापल्या जागी शहाण्यासारखी दिसतात. अशा ठिकाणी मागची दोन पानं वाचून त्या माणसाचा स्वभाव पाहण्यावाचून मला दुसरा उपाय सापडलेला नाही. क्रेनच्या हातालाही जिब म्हणतात, ते जाऊ द्या.

मी मुंबई बंदरात एंटरप्राइज जातीच्या डिंगीवर शिकले. दोघांची बोट, दोन शिडं. तिथे जाइब म्हणजे काय हे स्पेलिंगने कुणी सांगत नाही. वारा पाठीशी असतो, मोठं शीड उजवीकडे पार बाहेर सोडलेलं, त्याच्या तळाची आडवी काठी म्हणजे बूम बोटीशी जवळजवळ काटकोनात. तुम्ही डावीकडे बसलेले. सुकाणूचा दांडा हळूच स्वतःकडे ओढायचा, म्हणजे बोटीचं तोंड उजवीकडे वळतं आणि मागची बाजू वाऱ्याच्या रेषेतून सरकते. शिडाची मागची कड थरथरते, आत वळल्यासारखी होते. (या कडेला लीच म्हणतात, जळूचंच स्पेलिंग, पण ही कड कधी कुणाच्या पायाला चिकटल्याचं ऐकिवात नाही.) मग बूम एका झटक्यात डोक्यावरून पलीकडे जातो. डोकं खाली, दोर हातातून सोडत जायचा, दांडा सरळ. टॅकमध्ये बोटीचं नाक वाऱ्यातून जातं, शीड फडफडत पालटतं, सावरायला वेळ मिळतो. जाइबमध्ये शीड भरलेलंच पलीकडे जातं, म्हणून त्याची धास्ती.

यात जिबचं काम चोख. वारा थेट पाठीमागून असताना मोठ्या शिडाच्या आडोशाला ते मरगळून लोंबत असतं. वारा चुकीच्या कुशीला गेला की तेच आधी भरून पलीकडे झुकतं. जिब पलीकडे गेलं की जाइब येतोय, हे आम्हाला पहिल्याच हंगामात पाठ करून घेतलं होतं. कागदावर एकमेकांत घोटाळणारे हे दोन शब्द पाण्यावर असे एकामागून एक येतात.

जाइबला जुना कोकणी दर्यावर्दी शब्द का वापरत नाही, असं मला विचारतात. कारण क्रियाच वेगळी आहे. गलबताच्या तिरक्या शिडाला खाली बूम नसतो. दिशा बदलताना वरची लांब काठीच डोलकाठीच्या पुढून फिरवून दुसऱ्या बाजूला न्यावी लागते. तो शब्द इथे आणला तर वाचणाऱ्या मुलाला बूम येणार हे कळणारच नाही, आणि बूम तर त्याच्या डोक्याच्या उंचीवर असतो. म्हणून 'जाइब'च ठेवते, पहिल्यांदा येतो तिथे दोन वाक्यांत क्रिया सांगते, आणि टोमणा किंवा मेळ असेल तिथे चुकूनही तो शब्द येऊ देत नाही.

सध्या टेबलावर असलेल्या पुस्तिकेत 'ॲक्सिडेंटल' जाइबचं एक पान आहे. 'अपघाती' लिहिलं, तर आधी कुणाचं तरी डोकं फुटलं असं वाटतं. इथे तर फक्त न ठरवता शीड पालटलंय, डोकं अजून शाबूत आहे. मी 'अनाहूत जाइब' लिहिलं आहे. बूम पुढच्या बाजूला बांधून ठेवणाऱ्या दोराला मात्र 'प्रिव्हेंटर'च म्हटलंय, कारण बोटीवर तोच शब्द ओरडला जातो.