तोल सांभाळतं कोण?

मुलांनो, एक गंमत करून पाहा. भिंतीजवळ एका पायावर उभे राहा. जमलं ना? आता डोळे मिटा. बघता बघता पाऊल लटपटू लागेल!

तोल सांभाळायचं काम तिघं मिळून करतात : डोळे, कानाच्या आतल्या द्रव भरलेल्या नलिका आणि पायांचे स्नायू व सांधे. एक जण रजेवर गेला, की बाकीच्या दोघांवर भार पडतो.

नववीत असताना खो-खो खेळताना माझा घोटा मुरगळला. सूज उतरली, डॉक्टरांनी धावायची परवानगीही दिली. पण हुलकावणी देऊन वळताना पाऊल डगमगे. सामने तीन आठवड्यांवर आलेले. आपलं खेळणं संपलं, असं वाटून मला रडू येई.

आमच्या सरांनी माझ्या हातात टेनिसचा चेंडू दिला. ''एका पायावर उभी राहा. चेंडू भिंतीवर टाक आणि झेल. पायाकडे बघायचं नाही!'' पहिल्या दिवशी चौथ्या झेलालाच पाय टेकला. आठवड्याने वीस झेल जमले. मग एका हाताने टाकून दुसऱ्याने झेलायचं. पुढे सरांनी चेंडूवर अक्षरं लिहिली आणि झेलण्याआधी अक्षर ओळखायला सांगितलं. डोळे चेंडूत गुंतलेले, मग तोल सावरायचं काम घोट्यालाच शिकावं लागलं.

आजी म्हणाली, ''यात नवीन ते काय? आम्ही सागरगोटे आणि लंगडी खेळायचो, तेच हे!'' खरंच की! सागरगोट्यांत वर उडवलेल्या गोट्यावर नजर आणि हात खालचे गोटे टिपण्यात. लंगडीत एका पायावर पळत गडी बाद करायचा. ऑस्ट्रेलियातल्या बाउरल गावी छोटा डॉन ब्रॅडमनही टाकीखालच्या विटांच्या चौथऱ्यावर गोल्फचा चेंडू मारी आणि उलटून आला, की स्टंपने टोलवी. कसोटीत 99.94 ची सरासरी गाठणाऱ्या नजरेची तालीम अशी अंगणातच झाली.

सामन्यात मी दोन मिनिटं टिकले. आम्ही हरलो, पण वळताना पाऊल एकदाही डगमगलं नाही.

तुम्हीही रोज दहा मिनिटं हा सराव करा. जमीन कोरडी हवी आणि दोन्ही पायांना सारखी पाळी द्या. पाय दुखत असेल, तर आधी डॉक्टरांना दाखवा. आणि आईबाबा, भिंतीवर चेंडूचा धपधप आवाज आला, तर लगेच रागावू नका हं!