इंदूरच्या बाजाराचा कागद

गेल्या पोळ्याच्या आदल्या दिवशी माळ्यावरची पेटी उतरवली, तेव्हा तीर्थरूपांच्या संत्र्यांच्या हिशेबवह्यांखाली एक भागपत्र हाती लागले. राज्यातल्याच एका लहान गिरणीचे पन्नास भाग, साल १९८५. मातोश्री म्हणाल्या, "तुझ्या ताईच्या लग्नासाठी घेतले होते ह्यांनी. ऐन वेळी विकले गेले नाहीत. बैलजोडी विकावी लागली."

आम्ही त्या वेळी शाळकरी होतो. गोठा रिकामा झालेला आठवतो, कारण मात्र आज कळले.

आम्हां पांढुर्णेकरांचा सारा व्यवहार नागपूरशी. पण १९५६ च्या नोव्हेंबरात नागपूर मुंबई राज्यात गेले आणि आम्ही मध्य प्रदेशात राहिलो. नागपुरात मान्यताप्राप्त शेअर बाजार नव्हताच. आमचा बाजार इंदूरला. तोही सामान्य नव्हे. होळकरांच्या काळात, कापडगिरण्यांच्या भरभराटीत तो उभा राहिला आणि १९५६ च्या रोखे कायद्याखाली मान्यता मिळालेल्या आरंभीच्या मोजक्या बाजारांत त्याची गणना झाली. पुण्याला असा बाजार १९८२ साली मिळाला, हे पुण्याच्या पाहुण्यांना सांगताना आम्हांस (खोटे कशाला बोला?) थोडा आनंद होतो.

प्रादेशिक बाजाराचे काम साधे होते. कंपनीची कचेरी ज्या राज्यात, तिथल्या बाजारात तिचे भाग नोंदवायचे. म्हणजे जवळच्या माणसाची बचत जवळच्या उद्योगात जाई. अडचण विकताना येई. मुंबईत नाव नसलेल्या गिरणीला इंदूरच्या दलालाजवळ गिऱ्हाईक नसले, तर कागद कागदच राही. तीर्थरूप एका पावसाळ्यात तीनदा इंदूरला गेले आणि तिन्ही वेळा तसेच परतले. कंपनीने नंतर पत्रेही पाठविली नाहीत.

१९९४ साली राष्ट्रीय शेअर बाजाराचे पडदे गावोगाव पोहोचू लागले आणि प्रादेशिक बाजारांतली वर्दळ ओसरली. तिथले पुष्कळ दलाल मुंबईच्या बाजारांचेच काम करू लागले. २०१२ साली सेबीने वर्षाला एक हजार कोटींच्या उलाढालीची अट घातली. २०१५ मध्ये इंदूरचा बाजार बंद झाला, पुण्याचाही त्याच वर्षी.

नागपूरच्या एका जाणकारास कागद दाखविला. त्यांनी तो उलटसुलट पाहून परत दिला. ताई राखीला आली तेव्हा तिलाही दाखविला. ती बराच वेळ तीर्थरूपांच्या सहीकडे पाहत राहिली. मग म्हणाली, "हा मला दे." आम्ही दिला.