मेस ड्युटी

कॉलेजात एनसीसी घेणाऱ्यांपैकी अनेकांची नजर 'सी' सर्टिफिकेटवर असते. पदवीला किमान 50 टक्के गुण आणि 'सी'ला किमान 'बी' ग्रेड असली, की सैन्याच्या एनसीसी स्पेशल एन्ट्रीसाठी सीडीएसची लेखी परीक्षा द्यावी लागत नाही. अर्ज छाननीत टिकला, तर थेट एसएसबीचं, म्हणजे निवड मंडळाच्या मुलाखतीचं, बोलावणं येतं. तिथं निवड झाली, की चेन्नईच्या अकादमीत 49 आठवडे. हाच हिशेब करून मी साताऱ्यात पहिल्या वर्षाला असताना नाव दिलं.

सुरुवातीचा काळ ड्रिलमध्येच गेला. सावधान, विश्राम, पीछे मुड़. सगळ्यांच्या टाचा एकदम वाजल्या पाहिजेत, हा हवालदार साहेबांचा हट्ट. पाठ ताठ झाली, आवाज मोकळा झाला. पण नुसते हुकूम पाळून कुणी अधिकारी कसं होणार, हे काही उमगत नव्हतं.

तिसऱ्या वर्षी वार्षिक कॅम्पमध्ये मला कंपनी सीनियर केलं. म्हणजे काय, तर पहाटे पीटीच्या फॉल-इनआधी सगळ्या तंबूंतल्या मुलींना उठवायचं, ताप आलेलीला एमआय रूममध्ये न्यायचं, पाण्याच्या टँकरपुढची भांडणं मिटवायची आणि गिनती जुळेपर्यंत झोपायचं नाही. त्यात मेस ड्युटी सर्वांत जड. एका रात्री वरण कमी पडणार असं दिसत होतं. मी ताट घेऊन रांगेत शिरले, तशी साहेबांची हाक आली, "सीनियर सबसे बाद में खाएगी!" राग आला, पण मागे जाऊन उभी राहिले. तिथून सगळी कंपनी दिसत होती. बुटांनी पाय सोलवटलेली एक मुलगी रांगेत आलीच नव्हती. दुसरी घरच्या आठवणीनं ताटातला घास चिवडत बसली होती. त्या रात्रीपासून मी आपणहून शेवटी जेवायला लागले.

एसएसबीला भोपाळला गेले. पहिल्या दिवशी स्क्रीनिंग. 30 सेकंद दाखवलेल्या धूसर चित्रावर गोष्ट लिहायची, तीच मग गटात सांगायची. बरेच जण त्याच दिवशी परतीच्या गाडीला लागतात. दुसऱ्या दिवशी मानसशास्त्राच्या चाचण्या; त्यात 60 शब्द, एकेका शब्दाला 15 सेकंद. नंतर ग्राउंड. फळी, बल्ली आणि दोरी घेऊन अख्ख्या गटानं अडथळे ओलांडायचे. लाल रंगाला कशाचाच स्पर्श चालत नाही. पिवळ्यावर आपण पाय ठेवू शकतो, सामान नाही. नेता कुणी नेमून देत नाही. दोघी-तिघी मोठमोठ्यानं युक्त्या सुचवत होत्या. माझी नजर मात्र सवयीनं मागे वळली. एकीचा फळीवर पाय पडत नव्हता. तिला मध्ये घेतलं, दोरीचं टोक तिच्या हाती दिलं आणि मगच पुढची फळी कुठे टाकायची ते बोलले. गट हलला.

पाचव्या दिवशी कॉन्फरन्स झाली. पुकारलेल्या चेस्ट नंबरांत माझा नव्हता. का नव्हता, हे बोर्ड कुणालाच सांगत नाही.

आता ज्युनियर मुली विचारतात, "ताई, एसएसबीसाठी कुठला क्लास लावू?" मी त्यांना नाशिक रोडच्या सरकारी छात्रपूर्व प्रशिक्षण केंद्राबद्दल सांगते, तिथं तयारी मोफत करून घेतात. पण त्याआधी, म्हणते, कॅम्पमध्ये मेस ड्युटी मागून घे.