आधी निचरा, मग नगर

माचू पिक्चूच्या डोंगरावर वर्षाला सुमारे 2,000 मिलिमीटर पाऊस पडतो. मुंबईपेक्षा थोडासाच कमी. डोंगराला तीन बाजूंनी उरुबांबा नदीचा वळसा आहे आणि नगरापासून नदीचं पात्र सरळ चारेकशे मीटर खाली. कातळ ग्रॅनाइटचा, पण ठिकठिकाणी चिरफाळलेला. मधल्या खोगीरावर माणसं राहावीत एवढी जागा मुळात नव्हतीच. ती भराव घालून केली आहे. असा उतार, असा पाऊस आणि त्यावर भराव, हे तीन शब्द एका नकाशावर दिसले की आमच्या क्षेत्रातला कुणीही आधी तिथल्या लोकांच्या जिवाची काळजी करतो. इंकांनी पंधराव्या शतकात तिथे नगर वसवलं. त्यांचं राज्य 1530 च्या दशकात कोसळलं, नगर ओस पडलं, वर जंगल माजलं. भिंती उभ्या राहिल्या.

उतारांवरचं पाणी हा माझा विषय. घाटरस्त्यांच्या कडा, संरक्षक भिंती, दरडी यांतच माझं काम चालतं. म्हणून पेरूला निघालेला कुणी माचू पिक्चूबद्दल विचारायला आला, की मी त्याला रेल्वेने जाऊ नको, चालत जा असं सांगतो. रेल्वेने गेलं की अडीच-तीन तासांच्या फेरीत भिंतींचे फोटो मिळतात. चार दिवस चालून गेलं, तर त्या भिंती कशाच्या जोरावर उभ्या आहेत ते पायांना कळत जातं.

ही इंका वाट सुरू होते कुस्कोहून येणाऱ्या लोहमार्गाच्या 82 व्या किलोमीटरपाशी. सगळी मिळून 42-43 किलोमीटर, तीन मुक्काम. परवानाधारक मार्गदर्शकाशिवाय या वाटेवर सोडत नाहीत. दिवसाला पोर्टर, आचारी, मार्गदर्शक धरून सुमारे 500 माणसांनाच प्रवेश आहे, त्यामुळे परवानगी काही महिने आधी काढावी लागते आणि ती ज्याच्या पासपोर्टवर आहे त्यालाच चालते. चालण्याच्या काठीला रबरी टोपण सक्तीचं आहे. लोखंडी टोकाने पायऱ्यांचे दगड झिजतात. सह्याद्रीत तयार झालेल्या ट्रेकरला चढाची भीती नसते, पण कळसूबाईची उंची 1,646 मीटर आणि कुस्को शहरच 3,400 मीटरवर. तिथे निदान दोन दिवस काढल्याशिवाय वाटेला लागू नये. मांड्या कितीही भक्कम असल्या तरी विरळ हवेशी जुळवून घ्यायला शरीराला वेळ लागतोच.

पहिल्याच दिवशी कुसिचाका नदीच्या काठावर पाताल्याक्ता दिसतं. आपण वर असतो आणि खाली डोंगराच्या पायथ्याला धरून ताली उतरत गेलेल्या. लांबून ती शेतीच वाटते. ती शेती होतीही. या वाटेवरच्या ठाण्यांना इथला मका जात असे. पण अभियंत्याच्या नजरेला ती आधी संरक्षक भिंतींची माळ दिसते. दोन-दोन, तीन-तीन मीटर उंचीच्या भिंती, प्रत्येक भिंत किंचित आत डोंगराकडे कललेली, आणि एका भिंतीच्या माथ्यावरची सपाटी हाच पुढच्या भिंतीचा पायथा.

माती पाण्याच्या वजनाने कोसळते असा सर्वसाधारण समज आहे. खरं कारण वेगळं. मातीचे कण एकमेकांना घासून, एकमेकांवर रेलून उभे असतात. मधल्या पोकळ्या पाण्याने गच्च भरल्या की त्या पाण्याचा दाब कणांना एकमेकांपासून दूर ढकलतो, त्यांची पकड सुटते आणि कालपर्यंत घट्ट असलेला उतार रबडीसारखा वाहू लागतो. संरक्षक भिंतीचंही तसंच. ती बहुतेक वेळा मागच्या मातीमुळे पडत नाही. मागे अडकलेल्या पाण्यामुळे पडते. म्हणून भिंत किती जाड, यापेक्षा तिच्या मागे काय भरलंय हा प्रश्न मोठा.

इंकांनी काय भरलं, ते माचू पिक्चूतल्या ताली उकरल्यावर दिसलं. तळाशी मोठे दगड आणि ग्रॅनाइटच्या छिलक्या, त्यावर बारीक खडी, त्यावर वाळूमिश्रित थर, आणि सर्वांत वर दुसरीकडून आणून पसरलेली सुपीक माती. वर मुळांपुरता ओलावा टिकतो, जास्तीचं पाणी खाली झिरपून खडीतून वाट काढतं आणि भिंतीवर दाब साठत नाही. पेरूचे पुरातत्त्वज्ञ आल्फ्रेदो वालेन्सिया सेगार्रा आणि अमेरिकेतले जलअभियंता केनेथ राइट यांनी 1990 च्या दशकात या नगराचा अभियांत्रिकीच्या अंगाने अभ्यास केला. त्यांच्या अंदाजाप्रमाणे माचू पिक्चूच्या बांधकामाचे जवळपास 60 टक्के श्रम जमिनीखाली आहेत: पाये, भराव, निचऱ्याचे थर. मुख्य चौकाच्या हिरवळीखालीसुद्धा दगडांच्या छिलक्यांचा जाड थर निघाला. वर मंदिरांचे चिरे घडवताना उडालेल्या कपच्या वाया गेल्या नाहीत. त्याच खाली निचऱ्याला वापरल्या. हा तपशील मला त्या नगराच्या कुठल्याही मंदिरापेक्षा मोठा वाटतो.

सगळे बोलतात ते सांध्यांबद्दल. दोन दगडांत सुरीचं पातंही जात नाही, वगैरे. खरं आहे, पण ते मंदिरांपुरतं आणि राजवाड्यापुरतं. बाकीच्या बहुतेक भिंती साध्या दगडांच्या, मातीच्या गाऱ्यात रचलेल्या आहेत आणि त्याही तितक्याच काळ टिकल्या आहेत. टिकण्याचं श्रेय एकट्या सांध्याला देता येत नाही.

दुसरा दिवस दमवणारा. वार्मिवान्युस्का खिंड 4,215 मीटरवर आहे आणि तिथे पोचेपर्यंत विषय श्वासाचाच असतो. पण तिसऱ्या दिवशी वाट बोलू लागते. रुंकुराकायचं गोलाकार ठाणं मागे पडलं की पायाखाली मूळची इंका फरसबंदी सुरू होते. साय्याकमार्का ओलांडल्यावर ती एका पाणथळ सपाटीतून जाते. तिथे रस्ता जमिनीपासून उचलून दगडी बांधावर घेतला आहे आणि खालून पाण्याला आरपार जाऊ दिलं आहे. चढावर पायऱ्यांना बाहेरच्या बाजूला हलका कल दिलेला, डोंगराच्या कुशीला चर, आणि चराचं पाणी रस्ता ओलांडताना खालून, दगडी मोरीतून. पावसाळी देशात रस्ता टिकवायचा तर हेच करावं लागतं. इंकांकडे लोखंड नव्हतं, चाकाची गाडी नव्हती, ओझ्याला लामा आणि माणूस. त्यावर त्यांनी आजच्या कोलंबियापासून चिलीपर्यंत 30,000 किलोमीटरच्या आसपास रस्ते राखले. 2014 मध्ये हे रस्त्यांचं जाळं जागतिक वारशात गेलं. सहा देशांनी मिळून तो प्रस्ताव मांडला होता.

फुयुपातामार्काला कुंड्यांची रांग आहे. वरच्या कुंडीतलं पाणी पन्हळीतून खालच्या कुंडीत, तिथून पुढच्या. विन्याय वायनाला हेच पुन्हा दिसतं, पण इतक्या तीव्र उतारावर की वक्राकार तालींच्या शेजारून उतरताना गुडघे थरथरतात. माचू पिक्चूत अशा 16 धारा आहेत. डोंगरातल्या एका झऱ्यापासून 749 मीटरचा कालवा त्यांना पाणी आणतो. कालव्याचं पात्र जेमतेम 10-12 सेंटिमीटर रुंद. झऱ्याचं पाणी कोरड्या दिवसांत मिनिटाला वीस-पंचवीस लिटरवर येतं, पावसात शंभराच्या वर जातं. कालवा मात्र 300 लिटर वाहून नेईल एवढा केलेला, आणि जास्तीचं पाणी घरांकडे न जाता चरात पडेल अशी सोय. राइट यांच्या चमूने पूर्वेच्या उतारावर जंगलात गाडल्या गेलेल्या काही कुंड्या मोकळ्या केल्या, तेव्हा त्यांत पुन्हा पाणी वाहू लागलं.

जानेवारी 2010 मध्ये उरुबांबाच्या खोऱ्यात प्रचंड पाऊस झाला. नदीकाठचा लोहमार्ग वाहून गेला, दरडी कोसळल्या, हजारो पर्यटक पायथ्याच्या गावात अडकले आणि त्यांना हेलिकॉप्टरने काढावं लागलं. इंका वाटेवर दरडीने जीवही घेतले. वरचं नगर तेवढं धडधाकट राहिलं. या बातम्या मी वाचल्या तेव्हा आणि त्यानंतर 2014 मध्ये माळीण गाडलं गेलं, 2023 मध्ये इरशाळवाडी, तेव्हाही मला त्या छिलक्यांच्या थराचीच आठवण झाली. आपल्याकडच्या प्रत्येक दरडीवर तो उपाय होता असं मी म्हणत नाही. बसाल्टावरचा मातीचा जाड थर आणि ग्रॅनाइट यांचं वागणं निराळं. पण डोंगर तोडून सपाटी करताना पाणी कुठून जाईल हे आधी ठरवायचं, की रस्ता झाल्यावर, यावर माणसांचे जीव अवलंबून असतात. आपल्याकडे हा क्रम अजून उलटा आहे, आणि मला त्याचा संताप येतो.

दुसरी गोष्ट देखभालीची. चर कितीही चांगला काढा, एका पावसात पालापाचोळ्याने भरतो. इंकांकडे मिता नावाची पाळीची श्रमसेवा होती. रस्ते, पूल, कालवे तिच्यातूनच राखले जात. तिचा एक धागा अजून शाबूत आहे. कुस्कोच्या दक्षिणेला आपुरिमाक नदीवरचा केस्वाचाका हा गवताच्या दोरांचा पूल काठावरची गावं दरवर्षी जूनमध्ये जुना सोडून नवा विणतात. कोरोनाच्या काळात तो विणणं राहून गेलं आणि मार्च 2021 मध्ये पूल तुटून पडला. त्याच जूनमध्ये गावांनी तो पुन्हा बांधला. इंका वाटही फेब्रुवारीत महिनाभर बंद असते. तेव्हा पाऊस जोरात असतो आणि दुरुस्ती त्याच काळात होते.

तुमचं ओझं वाहणारा पोर्टरही याच परंपरेतला. बहुतेक जण केचुआ बोलणारे, वरच्या गावांतले शेतकरी. 2001 च्या कायद्याने एकाच्या पाठीवरचं ओझं 20 किलोवर बांधलं. वाटेच्या सुरुवातीला वजन करून घेतात, ते नीट होतंय ना याकडे आपणही लक्ष द्यावं. स्वस्तातल्या सहलीत पैसा वाचतो तो बहुधा याच पाठीवरून.

मोसमाबद्दल सल्ला विचारलात तर सगळे जून-जुलै सांगतील. आकाश निरभ्र, फोटो चांगले. मी नोव्हेंबर सांगेन, किंवा एप्रिल. एखादी सर येईल, कपडे भिजतील. चौथ्या दिवशी पहाटे इंतिपुंकूच्या दारातून नगर दिसलं की फोटो काढून घ्या, आणि मग खाली उतरून शेतीच्या ताली जिथे संपतात आणि वस्ती सुरू होते तिथे थांबा. दोन्हींच्या मधून डोंगर उतरणारा लांब चर म्हणजे नगराचं मुख्य गटार. त्याच्या पलीकडे भिंतींच्या पायथ्याशी पाणी बाहेर पडायला ठेवलेली चौकोनी भोकं आहेत. राइट यांनी अशी सुमारे 130 नोंदली. पाऊस चालू असेल तर आडोसा शोधू नका. भिंतीच्या कडेने चालत जा आणि त्यांतल्या किती भोकांतून अजून पाणी येतंय ते बघा.