घरी घ्या जरा

निकालाच्या दिवशी बाईंनी धाकटीचं प्रगतिपुस्तक हातात ठेवलं आणि म्हणाल्या, "हुशार आहे हो, पण जोडाक्षरांना अडते. सुट्टीत घरी घ्या जरा." शेजारी नवरा उभा होता. बाई बोलल्या मात्र माझ्याकडे बघून. मी मान डोलावली. त्यानेही माझ्याकडेच बघून डोलावली.

'घरी घ्या' म्हणजे नेमकं कोणी घ्यायचं, हे त्या वाक्यात कुठेच नसतं. तरी सगळ्यांना कळतं.

ही गोष्ट २०२५च्या मे महिन्याची. परीक्षा एप्रिलच्या शेवटापर्यंत लांबलेल्या आणि गावी, कुडाळला जायचं मेच्या मध्यावर. रेल्वेचं आरक्षण आता साठ दिवस आधी सुरू होतं (२०२४च्या नोव्हेंबरपर्यंत ही मुदत १२० दिवसांची होती). म्हणजे मार्चमध्ये, मुलांचा अभ्यास आणि ऑफिसचं वर्षअखेरीचं काम डोक्यावर असताना, सकाळी आठला मी एका हातात मोबाईल आणि दुसऱ्या हातात उलथनं घेऊन उभी. पहिल्या दिवशी वेटिंग. दुसऱ्या दिवशी तारीख एका दिवसाने पुढे ढकलली तेव्हा पाच तिकिटं मिळाली. सासूबाईंचं तिकीट पूर्ण भाड्याचं. पूर्वी बायकांना ५८ वर्षांपासून निम्मी सवलत होती, ती २०२०च्या मार्चमध्ये थांबली ती अजून आलेली नाही. त्या दर वेळी विचारतात, "माझा अर्धा तिकीट काढलंस मा?" दर वेळी मला हसू येतं आणि रागही येतो.

मग तयारी. दूधवाल्याला सांगणं, झाडांना पाणी कोण घालणार, गावच्या काकूंच्या गोळ्या, मुलांच्या टोप्या, चार्जर, गाडीतला डबा, सुट्टीचा अर्ज. यातलं काहीच अवघड नसतं. अवघड असतं ते सगळं एकाच डोक्यात ठेवणं. नवरा कामाला नाही म्हणत नाही, हे प्रामाणिकपणे सांगते. तो म्हणतो, "तू सांग ना, मी करतो." पण सांगणं हेसुद्धा काम आहे, हे त्याला कधी वाटलंच नव्हतं आणि मीही कधी म्हटलं नव्हतं.

केंद्र सरकारच्या २०२४च्या वेळ-वापर पाहणीत १५ ते ५९ वयाच्या ४१ टक्के बायका घरातल्या माणसांची देखभाल करताना दिसल्या, पुरुष २१.४ टक्के. जे करतात त्यांच्यातही बायकांची रोजची १४० मिनिटं, पुरुषांची ७४. डोक्यातल्या याद्या यात कुठे मोजल्या असतील असं मला वाटत नाही.

धाकटीचा अभ्यास घ्यायला मला वेळ मिळायचा रात्री साडेनऊला, भांडी आवरल्यावर. एका रात्री पलंगावर बॅग उघडी पडलेली, सकाळी ऑफिसात मीटिंग, आणि ती 'विद्यार्थी' शब्दावर अडली. एकदा, दोनदा, चौथ्यांदा. मी पुस्तक धाडकन मिटलं. जे बोलले ते इथे लिहीत नाही. ती रडली नाही. हळूच म्हणाली, "आई, गावाला पण अभ्यास घेणार का? मग मी नाही येत."

ज्या ट्रिपसाठी मार्चपासून धडपडत होते, ती माझ्या पोरीला नको झाली होती. माझ्यामुळे.

सकाळी सासूबाई चहा गाळताना एवढंच म्हणाल्या, "पोर अक्षरांक भियत नाय, तुझ्या आवाजाक भियता."

त्या दिवशी मी कॅलेंडरच्या मागच्या कोऱ्या पानावर डोक्यातलं सगळं उतरवून काढलं. एक्केचाळीस कामं निघाली. नवऱ्याने वाचलं आणि म्हणाला, "एवढं असतं?" मी म्हटलं, "एवढंच नसतं, एवढं आठवलं." प्रवासाची सगळी यादी त्याने घेतली. मी मध्ये बोलायचं नाही, असं ठरलं. तो सासूबाईंच्या प्रेशरच्या गोळ्या विसरला, मग कुडाळला उतरल्या उतरल्या पहिल्यांदा मेडिकल गाठलं. आकाश कोसळलं नाही.

अभ्यास रात्रीचा संध्याकाळी सातवर आणला, अर्धाच तास. पुस्तक बाजूला ठेवलं आणि सामानाची यादी धाकटीला लिहायला दिली. चष्मा, छत्री, ब्रश, दुर्बीण, बिस्किटं. घरभर जोडाक्षरं पडलेली असतात, आपण ती पुस्तकात शोधत बसतो.

गाडीत ती खिडकीशी बसून स्टेशनांच्या पाट्या वाचत होती. खेड, चिपळूण सोपे गेले. 'संगमेश्वर'ला थांबली, मग जमलं. रत्नागिरीच्या अलीकडच्या करबुडे बोगद्यात, साडेसहा किलोमीटरच्या त्या अंधारात, भाऊ पाढे म्हणत राहिला. 'सिंधुदुर्ग' आलं तेव्हा ती अख्ख्या डब्याला ऐकू जाईल अशी ओरडली, "आई, रफार!"

सगळं सुटलं असं नाही. 'कैऱ्या' अजून अडतात. पण आता अडली की माझ्याकडे घाबरून बघत नाही.

एक गोष्ट मात्र मनातून जात नाही. आमच्याकडे कामाला येणाऱ्या ताई सुट्टीत लेकीला बरोबर आणतात, कारण घरी ठेवायची कुणाजवळ? ती पोरगीही आमच्या टेबलाशी बसून यादी लिहायची. तिच्याही शाळेत कोणीतरी 'घरी घ्या जरा' म्हटलंच असेल. तिची आई दिवसभर चार घरांत असते. तिचं कोणी घ्यायचं?

पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तिथे पाळणाघर हवं, असा कायदा २०१७ पासून आहे. पण तो लहानग्यांसाठी. शाळेत जाणाऱ्या मुलांची सुट्टी दीड महिन्याची आणि आईबापांची रजा आठवड्याची, हे गणित सोडवायची जबाबदारी कोणाचीच नाही. शिबिरं आहेत, पण फी परवडली तर. पालिकेच्या आणि जिल्हा परिषदेच्या शाळा मेमध्ये कुलूपबंद असतात. त्यातला एक वर्ग, गोष्टीची पुस्तकं आणि मानधनावर एक ताई किंवा दादा, रोज दोन तास. वॉर्डातून आपण मागणी केली तर हे अशक्य आहे का?

आणि शिक्षकांना एक विनंती. पुढच्या वेळी 'घरी घ्या' म्हणाल तेव्हा बाबाकडेही बघून म्हणा.

तुमच्या घरातली यादी कोणाच्या डोक्यात आहे? एकदा कागदावर उतरवून बघा.