कव्हा यायलाय आवाज?

भोकरहून हिमायतनगर, इस्लापूर करत किनवटकडं निघालं की काळं सपाट रान मागं पडतं आणि सागाचं जंगल सुरू होतं. ऐंशीच्या दशकात त्या बाजूची आडगावं पावसाळ्यात गाठायची तर बैल किंवा जीप, तिसरं काही चालत नसे. मुदखेड–आदिलाबाद लाइनीवरची छोटी रेल्वे भोकरला यायची खरी. पण रुळापासून तीन-चार कोस आत घर असलेल्याला तिचा काय उपयोग? म्हणून ज्याच्या दारात जीप, त्याच्या दारात रात्री-बेरात्री कंदील घेऊन माणसं उभी. कुणाची सून अडलेली, कुणाला पान लागलेलं.

आमच्या काकांची जीप सरकारी लिलावातली. तिचं तारुण्य साहेब लोकांच्या दौऱ्यांत गेलेलं. घराणं मात्र मोठं. दुसऱ्या महायुद्धात नाव काढलेल्या विलीज जीपची जुळणी महिंद्रांनी १९४७ साली मुंबईत सुरू केली आणि पुढं त्याच वंशातली उंच बॉनेटची पेट्रोल जीप सरकारी खात्यांतून देशभर पसरली. आमची त्यातलीच. गेअरच्या दांड्याशेजारी आणखी दोन छोटे दांडे असायचे. एकानं पुढच्या चाकांना जोर मिळायचा, दुसरा हाय-लोचा. लोमध्ये पहिला गेअर टाकला की इंजिनाचे साधारण ३७ फेरे होत, तेव्हा कुठं चाकाचा एक फेरा. गुडघाभर चिखलातून ती घाई न करता, इंजिन न ओरडवता वर निघे. लोक बघत राहायचे.

निघताना आवाज मात्र नाना तऱ्हेचे करी. खालून घूं, मागून टक्क, वळताना कट्-कट्. काकांना त्याचं कौतुकच होतं. काकूंना नव्हतं. माहेरी जाताना अर्ध्या रस्त्यात त्या विचारायच्या, “आता हे काय वाजायलंय?” आणि काका नेमकं तेव्हाच हॉर्न वाजवायचे.

त्या आवाजांचा निवाडा करणारे होते चाचा मिस्त्री. बसस्टँडच्या मागं कडुलिंबाखाली त्यांचं गॅरेज. पाटी नाही, शटर नाही, एक पत्र्याची पेटी आणि जमिनीत खणलेला खड्डा. चाचांची बोली अर्धी दखनी, अर्धी आमची. गाडी दारात आली की मालक घाईनं सांगू लागायचा, “चाचा, मागच्या डाव्या चाकातून आवाज यायलाय.” चाचा हात वर करायचे. “कुठून यायलाय ते नका सांगू मालक. कव्हा यायलाय ते सांगा.”

त्यात त्यांची सगळी विद्या होती. लोखंडातून आवाज दूरवर पळतो. मागच्या डिफरन्शियलमधली घरघर चासीतून चालत येऊन ड्रायव्हरच्या पायाखाली वाजते, आणि ड्रायव्हर शपथेवर सांगतो की गेअरबॉक्स गेला. जागेच्या बाबतीत आवाज फसवतो. वेळेच्या बाबतीत त्याला फसवता येत नाही.

मग उलटतपासणी सुरू व्हायची. गाडी उभी असताना, न्यूट्रलमध्ये आवाज येतो का? येतो. क्लच दाबला की थांबतो? मग गेअरबॉक्सच्या तोंडाचं बेअरिंग. उलट, क्लच दाबल्यावरच सुरू होतो? मग क्लचचं थ्रस्ट बेअरिंग. चालताना टॉप गेअरमध्ये गप आणि खालच्या गेअरांत खरखर? मग बॉक्समधलाच शाफ्ट, कारण टॉपमध्ये जोर थेट पुढं जातो, त्या शाफ्टवर भार येत नाही. अ‍ॅक्सिलरेटर दाबला की रडते आणि पाय उचलला की बंद होते? मग डिफरन्शियलमधल्या क्राऊन-पिनियनकडं बघा. पाय उचलल्यावरच रडते? मग पिनियनचं बेअरिंग ढिलं असेल. उजवीकडं वळताना घूं वाढतं? वळताना भार बाहेरच्या बाजूला जातो, म्हणजे डाव्या चाकाचं बेअरिंग. पुढून मागं, मागून पुढं गेअर बदलताना एकच टक्क? प्रोपेलर शाफ्टचा क्रॉस. चाचा खाली शिरून शाफ्ट हातानं पिळून बघायचे. क्रॉसच्या टोप्यांभोवती लालसर गंजाची भुकटी दिसली की बाहेर येऊन म्हणायचे, “ग्रीस कव्हा मारलं होतं?” काका आभाळाकडं बघायचे.

माझा सगळ्यात आवडता प्रयोग खडूचा. टायरवर खडूची रेघ मारायची, गेअर न्यूट्रलला, दोन पोरांनी गाडी हळूहळू ढकलायची. त्या पोरांत मी असायचोच. चाचा सोबत वाकून चालत आणि चाकाच्या एका फेऱ्यात आवाज किती वेळा येतो ते बोटांवर मोजत. त्या जीपच्या क्राऊनला ४३ दात आणि पिनियनला ८. म्हणजे चाकाचा एक फेरा होईस्तोवर शाफ्ट पाचांहून जास्त वेळा फिरतो. चाकाच्या फेऱ्यामागं एकदाच खट्ट झालं तर दोष बहुतेक चाकाकडचा: ड्रम, हब, बेअरिंग. पाच-पाच वेळा झालं तर शाफ्ट किंवा पिनियन. शाळेत गुणोत्तर-प्रमाण शिकवायला गुरुजींना आठवडा लागला होता. कडुलिंबाखाली ते एका दुपारी डोक्यात शिरलं, ते आजवर निघालं नाही.

एका नवरात्रात माहूरला रेणुकामातेच्या दर्शनाला निघालो होतो. जीपमध्ये बसायला जागा किती, यावर विचार करायची पद्धत तेव्हा नव्हती. किनवटच्या अलीकडं चिखलाच्या एका पट्ट्यात ड्रायव्हरनं पुढच्या चाकांचा दांडा टाकला आणि पुढं डांबर लागल्यावर काढायचं विसरला. थोड्या वेळानं गाडी जड वाटू लागली, वळणावर अंग चोरू लागली, खालून कट्-कट् आणि मधूनच धक्का. म्हाताऱ्या आत्यांनी देवीला नवस बोलून टाकला. काकांनी गाडी थांबवली. दांडा निघेना. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा जास्त अंतर कापतात. चिखलात ती घसरून हिशेब मिटवतात, डांबरावर घसरता येत नाही, मग तो सगळा पीळ दात्यांत आणि शाफ्टांत साचतो. काकांना चाचांचं सांगणं आठवलं. गाडी चार हात मागं घेतली, पीळ सुटला, दांडा लोण्यासारखा निघाला. आत्यांनी नवस मात्र फेडला; श्रेय देवीचंच राहिलं.

पावसाळ्यात दुसरा त्रास. लांबून पळत आलेली जीप थेट ओढ्यात घातली की तापलेलं डिफरन्शियल एकदम थंड होतं, आतली हवा आकसते आणि जुन्या सीलमधून पाणी आत ओढलं जातं. वरून काही कळत नाही. महिन्या-दोन महिन्यांनी घरघर सुरू होते, तोवर बेअरिंगला गंज चढलेला असतो. म्हणून पोळा झाला की चाचा खालचा नट सोडून थोडं नव्वद नंबरचं ऑइल तळहातावर घ्यायचे. ते दुधाळ दिसलं तर पाणी. दोन बोटांत चोळायचे. बारीक राखाडी कीट चालतं, ती झीज. चमकणारे पापुद्रे लागले तर बेअरिंग नाहीतर दात सुटायलेत. गेअरबॉक्सच्या ऑइलमध्ये पिवळी पितळी चमक दिसली तर ती आतल्या रिंगची.

आणि काही आवाज त्यांनी कधीच दुरुस्त केले नाहीत. जीपच्या ट्रान्स्फरमध्ये, म्हणजे त्या दोन छोट्या दांड्यांच्या पेटीत, साखळी नाही, नुसते दातेरी गेअर. टू-व्हील ड्राइव्हमध्ये साधं पळतानाही जोर मधल्या गेअरवरूनच मागं जातो. त्यामुळं ठरावीक वेगाला एक बारीक सूर लागतोच. नवखा मालक त्यावर खर्च करायला तयार असायचा. चाचा म्हणायचे, “खोलना नक्को. ये उसका बोलना है.” त्या सुराची पट्टी बदलली तर या, तोवर ऑइलची पातळी बघत जा, एवढंच सांगून पाठवून द्यायचे.

यात चाचांचं नुकसान होतं. खोलायची मजुरी मिळे. न खोलायची कोण देणार? तासभर गाडी ऐकून, खड्ड्यात उतरून, दोन मैल फिरवून “काही नाही, चालू द्या” म्हणणाऱ्या माणसाच्या हाती चहाच यायचा. काकांना हे खटकायचं. दरवर्षी धनत्रयोदशीला ते जीप धुऊन गॅरेजवर न्यायचे, दुखणं असो-नसो चाचांना चालवायला द्यायचे आणि चाचा परत आले की एक पाकीट बळंच खिशात घालायचे. काकांच्या जमाखर्चाच्या वहीत त्या तारखेला दरसाल एकच नोंद असे: ऐकणावळ.

पुढं प्युजोच्या डिझेल इंजिनाच्या एमएम ५४० आल्या. काळ्या-पिवळ्या कमांडर माणसांनी लगडून धावू लागल्या. रेल्वे मोठी झाली, गावागावांत डांबर गेलं आणि आमची जीपही गेली. आता आमच्याकडं पोरांना पुन्हा जुन्या ५४० चं वेड लागलंय. हौसेनं घेतात, मोठे खडबडीत टायर चढवतात आणि आठवड्यानं मला विचारायला येतात, “काका, पन्नासच्या पुढं खालून लई आवाज यायलाय. क्राऊन-पिनियन बदलू का?” मी विचारतो, डांबर सोडून मातीच्या रस्त्यावर गेल्यावर आवाज तसाच राहतो का? बहुतेकांनी ते पाहिलेलं नसतं. रस्ता बदलल्यावर बदलणारा आवाज टायरचा. दात्यांना रस्ता कळत नाही. आधी तेवढं बघून या म्हणतो. क्राऊन-पिनियन एकदा खोललं की शिम लावून, दातांवर रंग फासून, जुळवून बसवणारा माणूस लागतो, आणि तसा माणूस आता भोकरातच काय, नांदेडातही शोधत फिरावं लागतं.